खाप्याची बंदूक आणि आमची सळई

ह्यांनी वकिलीची पाटी लावली त्याला बराच काळ लोटला होता, पण ती वाचून आत येणारा माणूस बहुधा दुसऱ्याच कुणाचा तरी पत्ता विचारायला आलेला असे. धंतोलीत तेव्हा मोठमोठ्या वकिलांचे बंगले होते आणि त्यांच्या अधेमध्ये आमचं भाड्याचं छोटंसं घर, मागे अंगणात एक कौलारू खोली. हायकोर्ट नागपुरात नुकतंच झालेलं. जुनी माणसं अजून सवयीनं त्याला जेसी कोर्टच म्हणत, आधीच्या ज्युडिशियल कमिशनरच्या कोर्टावरून. मोठे वकील कोर्टाला निघाले की त्यांच्यामागे पक्षकारांची वरात निघे. आमचे हे निघाले की त्यांच्यामागे फक्त मी निघे, डबा विसरलात म्हणून ओरडत.

अशा घरात एका सकाळी कन्हान नदीकाठच्या खापा गावची माणसं आली. पुढे एक पांढऱ्या मिशांचे म्हातारेबुवा, मागे डोक्यावर गाठोडी घेतलेल्या दोन बाया. म्हातारेबुवा म्हणजे तिथल्या कोष्टी वस्तीतलं मोठं प्रस्थ. लग्न जुळवायचं असो की भांडण मिटवायचं, शब्द त्यांचा. त्यांनी ओसरीवर बैठक मारली आणि सांगून टाकलं, "मोठ्या वकिलाइच्या पाट्या लय उंचावर हायेत जी. तुमची तेवढी वाचता आली."

ह्यांना ते फार लागलं. मला हसू आवरेना म्हणून मी पाणी आणायला आत गेले.

पाणी घेऊन बाहेर आले तोवर मात्र ह्यांचा चेहरा पार बदललेला होता. प्रकरण फाशीचं होतं.

हकीकत अशी. पोळ्याच्या दिवशी खाप्यात शेतकरी आपले बैल सजवून मारुतीच्या देवळासमोर तोरणाखाली उभे करतात. इशारा झाला की तोरण तुटतं, पोळा फुटतो आणि बैल घरोघर पूजेला जातात. त्या वर्षी इशाऱ्याच्या वेळी दणदणीत आवाज झाला, धूर झाला, आणि देवळाच्या खांबापाशी उभा असलेला एक विणकर मान धरून खाली बसला तो पुन्हा उठला नाही. आरोपी त्याचा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी, तोही विणकर. पोळ्याच्या आधी दोघांचं कडाक्याचं भांडण झालेलं अख्ख्या गावानं ऐकलं होतं. पोलिसांनी आरोपीच्या घराची झडती घेतली तेव्हा मागाच्या खड्ड्यात, विणताना पाय सोडून बसतात तिथे, गोणपाटात गुंडाळलेली ठासणीची बंदूक निघाली. परवाना नव्हता. पहिल्यांदाच तिथला पोळा बघायला आलेल्या, शेजारच्या गावच्या शेतकऱ्यांनी आरोपीच्या हातात धूर निघणारी बंदूक डोळ्यांनी पाहिली होती. उलट कोष्टी वस्तीतलं झाडून सगळं माणूस, आणि त्यांच्यामागे खाप्याचे शेतकरीही, शपथेवर एकाच सुरात सांगत होतं की गावात बंदूक कधी नव्हतीच, आवाज फटाक्याचा होता. आरोपी एवढंच म्हणाला की मला काही ठाऊक नाही. सेशन्स कोर्टानं त्याला खुनाबद्दल फाशी सुनावली आणि बिनपरवाना बंदुकीबद्दल वर्षभराची सजा वेगळी. आता अपील हायकोर्टात. तिथे फाशी कायम झाली की संपलं.

"बंदूक-बिंदूक काही नव्हती जी," म्हातारेबुवांनी ह्यांनाही छातीठोकपणे सांगितलं. "खड्ड्यात कोणं टाकली, देव जाने."

ते गेल्यावर हे स्वयंपाकघरात आले आणि पाटावर बसून राहिले. "अगं, खुनाचं अपील मी कधी चालवलेलं नाही. माझ्या हातून काही चुकलं तर माणूस फासावर जाईल."

"मग चुकू नका," मी म्हटलं. माझा स्वभाव तेव्हाही असाच होता. पण त्या दिवशी माझ्याही दोन भाकरी करपल्या हे खरं.

म्हातारेबुवा गावी परत गेले, बाया राहिल्या. अपील लागेपर्यंत जेलात भेटीला जायला सोयीचं म्हणून ह्यांनी त्यांना मागची खोली दिली, अर्थात मला न विचारता. एक आरोपीची बायको, चणीनं बारीक, बोलायला तिखट. दुसरी जरा थोराड, कपाळ आणि हात मोकळे. ती विधवा आहे हे दिसतच होतं. पहिली तिला उठताबसता "बाई, बाई" करी, दोघींची चूल एक, म्हणून मी धरून चालले की ही हिची मोठी जाऊ किंवा नणंद. विचारलं नाही, ह्यांनीही नाही. आमच्याकडे येणारी माणसं आपणहून इतकं सांगत की विचारायची माझी सवयच मोडली होती.

त्या दोघींनी आल्या आल्या घराचा ताबा घेतला. अंबाडीची भाजी अशी करत की हे माझ्या हातचं वरण बाजूला सारून तिकडे हात पुढे करत, आणि मी रागावले की दोघी पदर तोंडाला लावून हसत. नवरा फासाच्या दारात असताना ही बाई हसते कशी, असं मला आधी वाटे. मग जेलातून भेट घेऊन आल्यावर ती आमच्या विहिरीच्या मागे उभं राहून भिंतीकडे तोंड करून रडताना दिसली. थोरली तिच्या पाठीशी नुसती उभी होती. रडून झाल्यावर दोघींनी मिळून बादली ओढली आणि माझ्या तुळशीला पाणी घातलं.

पण खरी गंमत झाली ती पांजणीची, म्हणजे सुताला खळ लावायच्या कामाची. गाठोड्यांत भांडीकुंडी कमी आणि सूतच जास्त होतं. कोर्टाची तारीख लवकर लागेना, घरचे माग रिकामे राहू नयेत, म्हणून ह्या बायांनी ठरवलं की ताणा, म्हणजे मागावरचं उभं सूत, इथेच तयार करून गावी पाठवायचा. एका सकाळी मी दार उघडून बघते तर आमच्या गल्लीत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत ताणलेलं. बांबूच्या कैच्या उभ्या, त्यांवर पांढरेशुभ्र धागे, आणि दोघी दोन बाजूंनी मोठे कुंचे घेऊन खळ लावत चालल्या आहेत. एकीचं पाऊल पडलं की दुसरीचं पडे. खळ वाळायच्या आत कुंचा फिरला पाहिजे, म्हणून थांबायची सोय नाही. तुटलेला धागा चालता चालताच जोडायचा.

समोरच्या बंगल्यातल्या मोठ्या वकिलांची मोटार तेवढ्यात निघाली आणि सुतापाशी येऊन उभी राहिली. ड्रायव्हर भोंगा वाजवतो आहे, आत साहेब घड्याळ बघत आहेत, आणि आरोपीची बायको त्यांना सांगते आहे, "थांबा न जी थोडं. धागा तुटला तं दिवस जाईन आमचा!" हायकोर्टाला तारखा बदलायला लावणारा तो माणूस सुतासाठी मुकाट थांबला. हे आतल्या खिडकीतून बघत होते. त्या दिवशी त्यांनी स्वतःहून मला चहा करून दिला.

"हे एकटीनं नाही होत का?" मी थोरलीला विचारलं.

"नाही न बाई. पांजणीले दोन घरं लागतात. आमची दोन घरं पयलेपासून संगच करतात."

दोन घरं म्हणजे काय, हे मला तेव्हा उमगलं नाही.

आता सळईचं सांगते. आमच्या ओसरीत कोट टांगायची एक दोरी होती. ती एक दिवस तुटली आणि ह्यांचा काळा कोट, एकुलता एक, केर भरायच्या सुपात पडला. दोघी बाया जेलात भेटीला गेल्या होत्या. मी मागच्या खोलीत दोरी शोधायला शिरले तर कोपऱ्यात फडक्यात गुंडाळलेली एक लांब लोखंडी सळई उभी. सरळ, बोटापेक्षा बारीक, छान घासलेली. मला अगदी हवी तशी. मी ती उचलली, ओसरीच्या दोन खुंट्यांवर आडवी टाकली आणि वर कोट टांगला. काम फत्ते. फक्त जरा खाली आली होती, त्यामुळे हे रोज सकाळी त्यावर डोकं आपटत आणि माझ्या गृहकृत्यदक्षतेविषयी दोन शब्द बोलत.

बाया परत आल्या. ओसरीत पाऊल टाकलं आणि दोघी जागच्या जागी थांबल्या. मी म्हटलं, "तुमची सळई घेतली हो. हवी असेल तर सांगा."

आरोपीच्या बायकोनं थोरलीकडे बघितलं. थोरली म्हणाली, "राहू द्या." एवढंच.

इकडे ह्यांनी कागद वाचून वाचून एक मुद्दा काढला होता आणि त्याच्यावर ते फिदा होते. मेलेल्या माणसाच्या मानेतून भोक आरपार गेलेलं. पण गोळी काही सापडली नव्हती, शरीरात नाही आणि देवळाच्या आवारातही नाही. "गोळी गेली कुठे?" हे ओसरीत येरझाऱ्या घालत गरजत. "माय लॉर्ड, गोळी गेली कुठे? गोळीच नाही तर बंदूक कशी?" आणि वळताना सळईवर डोकं आपटे. "अगं, ही सळई हलव!" मग पुन्हा, "गोळी गेली कुठे?"

खरं सांगायचं तर ह्यांचा ह्यांनाच भरवसा नव्हता. बंदूक खड्ड्यातून निघाली होती, शेतकऱ्यांनी तिचा धूर पाहिला होता, आणि सारी वस्ती खोटं बोलते आहे हे सेशन्स कोर्टाप्रमाणे ह्यांनाही कळत होतं. इतकी माणसं एका माणसासाठी खोटं बोलत असतील तर सत्य काहीतरी भयंकर असलं पाहिजे, असंच कुणालाही वाटणार. हे जेलात जाऊन आरोपीला परोपरीनं विचारून आले. तो म्हणे, "वकीलसाहेब, मले काही ठाऊक नाही," आणि मान खाली घाली.

ह्यांचं असं चाललं असताना थोरली बाई ओसरी झाडायला येऊ लागली. मी नको म्हटलं तरी यायची. एकदा मी दारातून बघते तर तिनं ह्यांचा कोट हळूच बाजूला सारला, पदरानं ती सळई ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसली आणि तिला हात जोडले.

मला आधी आश्चर्य वाटलं आणि मग, नेहमीप्रमाणे, राग आला. "अहो बाई, वकिलाच्या कोटाला कसला नमस्कार करता?"

ती दचकली. "कोटाले नाही जी."

"मग कशाला?"

ती खाली बसली. झाडणी मांडीवर घेऊन तिच्या काड्या सरळ करू लागली. मग म्हणाली, "हे सळई माह्या माणसाची हाय. त्यानंच लोहाराकून करून घेतली होती."

"तुमचे मालक कशानं गेले?" मी विचारलं.

तिनं वर बघितलं. "हेच्यानंच गेले जी."

विहिरीवरून आरोपीची बायको धावत आली, हात ओले, आणि म्हणाली, "सांगतलं का वं बाई? सांगतलं?"

म्हणजे माझ्या घरात, एका चुलीवर, एका ताटात जेवणाऱ्या ह्या दोघींतली एक मारणाऱ्याची बायको होती आणि दुसरी मेलेल्याची. आणि मी तिला जाऊ समजून तिच्याकडून मिरच्या निवडून घेत होते.

मग सगळं बाहेर आलं. बंदूक होती. नागपूरच्या राजाच्या काळातली, दोन्ही घरांत मिळून एक. तिनं कधी ससासुद्धा मेला नव्हता. वर्षातून एकदा, पोळा फुटायच्या वेळी तिचा बार काढायचा, हा त्या दोन घरांचा मान. कोष्ट्याच्या घरी बैल नसतो. पण बैल सुटत ते कोष्ट्याच्या बारावर. नळीत नुसती दारू आणि वर चिंध्या, गोळी नाहीच. लांब गजानं, म्हणजे ह्याच सळईनं, ते ठासायचं, गज बाहेर काढून घ्यायचा आणि बार काढायचा. एका वर्षी एकानं ठासायचं आणि दुसऱ्यानं बार काढायचा, पुढच्या वर्षी उलट. ते भांडण झालं होतं ते ह्या वर्षी पाळी कुणाची ह्यावरून, आणि पोळ्याच्या सकाळी दोघं पुन्हा गळ्यात गळे घालून बसले होते. थोरलीचा नवरा म्हणाला, "जाऊ दे गा, तू काढ बार. मी ठासतो."

"लय घाईचा माणूस," त्याची बायको म्हणाली. "बैल रेटारेटी करून राहिले होते. यानं ठासली, बंदूक भाऊजीच्या हाती देल्ली आन् तोरणाची दोरी धराले पयत गेला खांबापाशी. गज नळीतच राहिला. भाऊजीनं बार काढला."

गज त्याच्या मानेतून जाऊन देवळाच्या लाकडी खांबात रुतला होता. धुरात आणि बैलांच्या गोंधळात ह्याच दोघींनी तो उपटला. तोरणाच्या खिळ्यांनी खांब आधीच चाळणी झालेला, त्यात हे भोक पोलिसांना वेगळं दिसलं नाही. म्हातारेबुवांनी तिथल्या तिथे फर्मान काढलं: बंदुकीला परवाना नाही, पोलीस येतील, साऱ्या वस्तीच्या हातात बेड्या पडतील, तेव्हा बंदूक नव्हतीच, आवाज फटाक्याचा होता, आणि गज कन्हानमध्ये टाका. वस्तीनं शब्द पाळला. फक्त गज नदीत गेला नाही. तो त्याच्या हातचा होता म्हणून तिनं ठेवला, आणि गावात पोलिसांच्या हाती लागू नये म्हणून नागपूरला घेऊन आली. तिथे तो माझ्या हाती लागला.

"पण खुनाचा खटला उभा राहिल्यावर तरी बोलायचं!" मी ओरडलेच.

"भाऊजीनंच बोलू नाही देल्लं," ती म्हणाली. "म्हने, तो आपल्या हातानं ठासून मेला असं मी सांगू? मेल्यामागं त्याले बोल लावून मी जगू? दोघीले त्याची आन घातली."

हे स्नान आटोपून ओसरीत आले. मी सांगायला लागले. ह्यांनी ऐकलं, सळईकडे बघितलं, कपाळावरच्या टेंगळावरून हात फिरवला आणि सरळ जमिनीवर बसले. "म्हणजे मी इतके दिवस," हे म्हणाले, "गोळी गेली कुठे, गोळी गेली कुठे..."

आधी आरोपीच्या बायकोला हसू फुटलं. मग मला. मग ती थोरलीही हसली, डोळ्यांतून पाणी गळत असताना. असं हसणं मी पुन्हा कधी हसले नाही.

पण हसून काम भागणार नव्हतं. हे सांगायचं कुणी? आरोपी बोलणार नाही, त्याची बायको बोलली तर नवऱ्यासाठी बोलते असंच म्हणतील. बोलायला हवी होती ती मेलेल्याची बायको, आणि तिनं खालच्या कोर्टात शपथेवर फटाका सांगितलेला होता. शिवाय बोलायचं म्हणजे आपल्याच माणसाचा दोष चारचौघांत उघडा करायचा.

म्हातारेबुवांना निरोप गेला तसे ते छोट्या आगगाडीनं तडक आले आणि त्यांनी पागोटं काढून आमच्या ओसरीत आपटलं. "सारा मोहल्ला खोट्या शपथेत जाईन! मले म्हाताऱ्याले जेलात टाकता का?"

मग मात्र मी पुढे झाले. वडीलधाऱ्या माणसाशी असं बोलू नये हे मला कळतं. तरी बोलले. "बुवा, वर्षाच्या सजेला भिऊन तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याच्या गळ्यात फास घातलात. एक खरं बोलला असतात तर तो आज घरी असता."

म्हातारेबुवा खाली बसले आणि पागोटं मांडीवर घेऊन त्याच्या घड्या घालू लागले. मला त्यांची दया आली. वाईट माणूस नव्हता तो. आपल्या माणसांना वाचवायला निघाला होता.

मी जगाला सल्ले देते, पण त्या थोरल्या बाईला काय सांगावं ते मला कळेना. बोल म्हणायचा मला हक्क नव्हता. आरोपीच्या बायकोला तर सगळ्यात जास्त होता, आणि तिनं एका शब्दानंही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघींनी गल्लीत सूत ताणलं आणि कुंचे घेऊन चालू लागल्या. मी पायरीवर बसून बघत होते. चालता चालता थोरलीनं एक तुटलेला धागा जोडला आणि मान वर न करता म्हणाली, "माह्याच घरच्यानं ठासली, मीच सांगतो. वकीलसाहेबाले म्हना, चाला."

सुनावणीला मी गेले. बायका कोर्टात फारशा जात नसत, पण मला अडवायची ह्यांना हिंमत झाली नाही. दोन जज्ज, एक गोरे आणि एक आपल्याकडचे, दोघंही कंटाळलेले दिसत होते. हे उभे राहिले आणि म्हणाले की अपिलात नवा पुरावा घ्यायची परवानगी मिळावी. सरकारी वकील हसले. मग ह्यांनी फडक्यातून सळई काढली.

मुद्देमालातली बंदूक मागवली गेली. तिच्या नळीखाली गज ठेवायची खोबण रिकामीच होती. इतके दिवस ते कुणाला खटकलं नव्हतं, कारण जुन्या बंदुकांचे गज हरवलेलेच असतात. ह्यांनी सळई नळीत सोडली. ती सुळकन तळापर्यंत गेली. गोरे जज्ज पुढे झुकले. आमच्या ह्यांचा आवाज कापत होता, पण एकही शब्द चुकला नाही.

मग थोरलीला बोलावलं. आरोपीला जेलातून आणलेलं होतं. ती साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिली तसा तो मागून ओरडला, "वयनी, काही बोलू नोको! तुले त्याची आन हाय!"

शिपायानं त्याला दाबून बसवलं. ती वळून त्याच्याकडे बघत राहिली. जज्जांनी तिला विचारलं की बंदूक कुणी ठासली होती.

"माह्या माणसानं जी," ती स्वच्छ आवाजात म्हणाली. "गज तोच विसरला. भाऊजीनं त्याले मारलं नाही. तो घाईचाच होता. पांजणीतबी सारे धागे तोडे, आन् बोल मलेच लावे."

कोर्टात कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. खालच्या कोर्टात खोटं का सांगितलं असं सरकारी वकिलांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "बंदुकीचं लायसन नव्हतं म्हून भेलो जी. याचा फास होईन, असं कोनाले वाटलं होतं?" मागे बसलेल्या म्हातारेबुवांनी पागोटं डोळ्यांवर ओढून घेतलं.

प्रेत तपासणाऱ्या डॉक्टरांना पुन्हा बोलावलं गेलं. त्यांनी सळई हातात घेतली, आपली टिपणं पाहिली आणि जखम ह्याच जाडीची होती असं सांगितलं. निकालाच्या दिवशी खुनाचा ठपका पुसला गेला, फाशी गेली. खोट्या शपथेबद्दल जज्जांनी वस्तीला चांगलं फैलावर घेतलं आणि तेवढ्यावर सोडून दिलं. बिनपरवाना बंदुकीची वर्षभराची सजा तेवढी कायम राहिली. जिला भिऊन एवढं रामायण घडलं ती सजा ऐकून कोर्टाच्या आवारात खाप्याच्या माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. म्हातारेबुवांनी ह्यांच्या गळ्यात हार घातला आणि दुसरा माझ्या हातात दिला. त्या दिवशी आमच्या ओसरीत इतकी संत्री येऊन पडली की मला धंतोलीभर वाटत फिरावं लागलं. समोरच्या मोठ्या वकिलांनी आपली टोपली हसून घेतली आणि विचारलं, "आता गल्लीतून मोटार नेली तर चालेल ना?"

सळई मुद्देमालात जमा झाली. तिच्या जागी मी बर्डीच्या बाजारातून आणलेली एक खुंटी ठोकली. तरी हे कोट घेताना कितीतरी वर्षं तिथे मान वाकवत.

आरोपी मात्र कुणाशी बोलला नाही. जेलात हे भेटायला गेले तेव्हा तो म्हणाला, "तुमी मले वाचवलं जी. पन त्याले दोषी केलं." त्याच्या वयनीचं तो नावच काढीना. आमच्या घरून गावी परतताना ती मला म्हणाली, "आता भाऊजी माह्या तोंडाकडं पाहीन का नाही, काय ठाऊक." तिचा चेहरा पार उतरला होता आणि ते मला सहन होईना.

सजा भोगून तो सुटला. पुढच्या पोळ्याला आम्हा दोघांना खाप्याचं आग्रहाचं बोलावणं आलं. देवळासमोर बैल उभे होते, तोरण होतं, बंदूक नव्हती. म्हातारेबुवांनी स्वतः घंटा बडवली आणि पोळा फुटला. तो देवळाच्या खांबाला पाठ लावून उभा होता. खांबातलं भोक तसंच होतं. थोरली लांबून बघत होती. कोर्टानंतर तो तिच्याशी एक अक्षरही बोलला नव्हता, असं त्याच्या बायकोनं मला सांगितलं. काम संगच करतात, पण मुक्यानं.

दुसऱ्या दिवशी परत निघण्याआधी आम्ही त्यांच्या गल्लीत गेलो. सूत ताणलेलं होतं. एका बाजूनं तो, दुसऱ्या बाजूनं ती, मध्ये त्याची बायको खळीचं भांडं घेऊन. पावलाला पाऊल पडत होतं, कुणी बोलत नव्हतं. एवढ्यात एक धागा तुटला. तो थांबला, वाकला, दोन्ही टोकं चिमटीत धरली आणि त्यांच्याकडेच बघत म्हणाला, "तो असता तं आतापर्यंत अर्धा ताणा तुटला असता."

ती कुंचा धरून उभी राहिली. मग म्हणाली, "आन् बोल तुमालेच लावला असता, भाऊजी."

त्याचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं तो रडतो आहे, आणि तो रडतही असेल, पण हसण्याचा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू गेला. मग त्यानं धागा जोडला, आणि खळ वाळायच्या आत दोघं पुढे चालू लागली.